नन्नाचा होकार

आमच्या दादाला अख्ख्या रस्त्यावर 'नन्ना' म्हणतात. त्याचं चाकांचं दुकान आहे. पण गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणणं हा त्याचा मुख्य धंदा आणि चाकं बसवणं हा जोडधंदा. मी त्याची धाकटी बहीण, काउंटर सांभाळते. म्हणजे त्याने पिटाळलेल्या माणसांना पाणी देऊन पुन्हा खुर्चीत बसवते.

हौशी लोक येतात. कंपनीची चाकं काढून रुंद, चकचकीत चाकं लावायची असतात, तीही अशी की बॉडीच्या कडेला येऊन टेकली पाहिजेत. दादा चाक उलटं करून आतल्या बाजूला कोरलेला ऑफसेटचा आकडा वाचतो. हा आकडा जितका लहान, तितकं चाक बाहेर सरकतं. मग पहिला प्रश्न, "गाडी ओढते कोण? पुढची चाकं की मागची?" मागची म्हटलं तर थोडं चालवून घेतो. पुढची म्हटलं की नन्नाचा पाढा सुरू.

"दार बिजागरीजवळ ढकलून बघा, मग कडेला ढकलून बघा," तो सांगतो. "पुढची चाकं वळतातही आणि ओढतातही. त्यांना बाहेर सरकवलंत की जोर कडेला लागला. ॲक्सिलरेटरवर पाय दाबलात आणि एका चाकाखाली खडबडीत आलं, की स्टिअरिंग तुमच्या हातातून निघून जाणार. नाही म्हणजे नाही."

एकाने हुज्जत घातली तेव्हा त्याची चाकं दादाने स्वतः उचलून रस्त्यावर नेऊन ठेवली. मी डोक्याला हात लावला. पण तोच माणूस पुढे आपल्या भावाला आमच्याकडेच घेऊन आला, हेही सांगायला हवं.

घरीही तोच खाक्या. ठकी ही दादाची एकुलती एक लेक. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न ठरवलं, तेव्हाही दादा नाहीच म्हणाला. कारण विचारलं तर धड सांगता येईना. मुलगा सोन्यासारखा होता, हे मी तेव्हाही तोंडावर सांगितलं. ठकीने लग्न केलं आणि नंतर आमच्या घराची पायरी चढली नाही. मला फोन करायची. बापाचा विषय निघाला की म्हणायची, "आत्या, ठेवते." दादा तेवढ्या वेळात माझ्या आसपास घुटमळत काहीतरी पुसत बसायचा. पुसायला काही नसलं तरी.

आणि एका दुपारी ती दुकानात उभी राहिली. लाल रंगाची छोटी गाडी, इंजिन मात्र दांडगं, ओढणारी पुढची चाकं. मागच्या सीटवर नवी चाकं रचलेली. ना नमस्कार ना चमत्कार, एकदम म्हणाली, "बाबा, ही बसतील का?"

दादाने चाक उलटं केलं. गाडीचा मूळ आकडा पंचेचाळीस, याचा पंचवीस. म्हणजे चाक दोन सेंटिमीटर तरी बाहेर येणार. मी पाण्याचा ग्लास भरूनच ठेवला.

"बसतील ना," दादा म्हणाला. "न बसायला काय झालं?"

मला वाटलं माझे कान वाजले. ठकीही बापाकडे बघतच राहिली. मी दादाला कोपऱ्यात ओढलं. "अरे, पंचवीस! डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तू गप्प बस," तो कुजबुजला. "पोर किती दिवसांनी काहीतरी मागायला आली आहे."

मी गप्प बसले. काय बोलणार? त्याचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्याने चाकं बसवली, नट आवळले, मडगार्डला घासत नाही ना ते हात घालून तपासलं. एरवी पहिली फेरी तो एकटा मारतो. त्या दिवशी म्हणाला, "तूच चालव." तो तिच्या शेजारी बसला, मी मागे.

गोदामांच्या मागचा रस्ता सरळ आहे. सुरुवातीला गाडी छान चालली. बापलेकीचं बोलणंही सुरू झालं. जावयाला कांजिण्या झाल्या होत्या म्हणे, आणि दादा चक्क हसत होता. पुढे एक टेम्पो रखडत चालला होता. त्याला मागे टाकायला ठकी उजवीकडे आली आणि तिने पाय दाबला. डाव्या चाकाखाली डांबर होतं, उजव्याखाली खणून बुजवलेली पट्टी.

स्टिअरिंग तिच्या हातातून हिसकावलं गेलं. गाडी समोरच्या लेनमध्ये घुसली आणि समोरून टँकर येत होता. त्याचा हॉर्न ऐकला आणि मी डोळे मिटले, खोटं कशाला बोलू? डाव्या अंगाने काहीतरी फाडत गेल्याचा आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा गाडी पलीकडच्या बांधाला टेकून थांबली होती. दादाच्या बाजूचा आरसा टँकरने नेला होता. त्याच्या कानापासून हातभर अंतरावरचा आरसा.

ठकीचा अंगठा मुरगळला होता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"काय झालं हे?" ती म्हणाली. "बाबा, मी काय चुकले?"

"तू नाही चुकलीस." दादाचा आवाज ओळखू येत नव्हता. "चाकं. मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"हो."

"मग बसवलीत कशी?"

"नाही म्हटलं असतं तर तू पुन्हा गेली असतीस."

ठकी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता भडका उडणार. पण ती अगदी हळू बोलली, आणि ते जास्त वाईट होतं.

"तीन दुकानांत विचारून आले होते मी. सगळे म्हणाले, मस्त दिसतील, बसवून टाका. मला खात्री वाटेना. म्हटलं, बाबांकडे जाऊ. ते हो म्हणाले तरच बसवायची."

टेम्पोवाला धावत येऊन काच ठोठावत होता, कुणाला लागलंय का विचारत होता. काच खाली करायचं भान आम्हा तिघांनाही नव्हतं.

"आता मी कुणाला विचारू?" ठकी म्हणाली.