मामीच्या मुठीचा चमचा

कुठल्याही वस्तूकडे सरळ बाजूने पाहणं माझ्या मामांना उभ्या जन्मात जमलं नाही. तंजावूरच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनत, आणि एखाद्या वस्तूचा साचा करायला काय खर्च येईल याचा अंदाज बांधणं, हे मामांचं तीस वर्षांचं काम. त्यामुळे बादली असो की कंगवा, हातात आला की आधी उलटा व्हायचा. साच्याचे दोन भाग मिळतात तिथली बारीक रेघ, वस्तू बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे, हे सगळं बोटांनी चाचपून झाल्याशिवाय ती वस्तू त्यांच्या लेखी जगात आलेलीच नसे. पापनाशमच्या एका लग्नात त्यांनी खुर्ची उलटी केली, ती नेमकी नवरदेवाची आत्या बसायला वाकली तेव्हा. आत्या जमिनीवर, खुर्ची मामांच्या मांडीवर. "अय्यो, लागलं का?" म्हणत त्यांनी हात पुढे केला खरा, पण एकच, दुसरा अजून खुर्चीच्या पायावरची रेघ शोधत होता.

गिऱ्हाईक परतवून लावण्यात तर त्यांचा हातखंडा. तिरुवैयारुचे एक गायनमास्तर श्रुतीपेटीची तुटकी कळ घेऊन आले. तशा शंभर हव्या होत्या. मामा म्हणाले, "शंभर नगांसाठी पोलादाचा साचा? दोन माणसांच्या जेवणाला कल्याणमंडपातलं लग्नाचं पातेलं चढवता का, सार? सुताराकडं चला." आणि स्वतःच्या स्कूटरवर बसवून घेऊन गेले. कारखान्याचे मालक कपाळाला हात लावून बसले. पण मामांना कामावरून काढायचं त्यांच्या मनात कधी आलं नाही, कारण मामांचा अंदाज चुकत नसे.

मग मामीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. डावा हात संधिवाताने आधीच आखडलेला. साधा चमचा त्यातून निसटायचा. कुणी भरवायला गेलं की ती तोंड फिरवायची. सगळ्या घराला जन्मभर वाढलेली बाई. दुसऱ्याच्या हातचा घास तिच्या घशाखाली उतरेना. दिवसेंदिवस तिचं जेवण कमी होत गेलं.

एका सकाळी मामांनी कणकेचा गोळा तिच्या डाव्या हातात दिला. "दाब."

"कशाला?" तिचे शब्द जड येत.

"दाब म्हणतो ना!"

बोटांचे ठसे उमटलेला तो गोळा डब्यात घालून ते कारखान्यात गेले. मालकांनी नेहमीसारखं विचारलं, "किती नग?"

"एक."

खर्चाचा कागद मामांनी पुढे केला नाही आणि मालकांनी मागितला नाही. ते नुसतं "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले, आणि ॲल्युमिनियमचा एक ठोकळा काढून दिला.

पहिला चमचा अर्धाच निघाला; प्लास्टिक टोकापर्यंत पोचलंच नव्हतं. मामीने तो पाहिला आणि झटक्यानंतर पहिल्यांदा हसली. "माझ्यासारखाच." मामा उठून स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. तिसऱ्या खेपेला चमचा साधला. मामीने आपल्या हाताने दहीभात खाल्ला. निम्मा पदरावर सांडला, आणि मी पुसायला वाकलो तर तिने मला कोपराने ढकललं.

जेमतेम तीन महिने ती तशी जेवली. दुसऱ्या झटक्याने तिला नेलं.

परवा मामांकडे गेलो होतो. बोलता बोलता म्हणालो, "मामा, साचा आहेच की. दवाखान्यात कितीतरी जणांना असे चमचे लागत असतील."

त्यांनी आतून चमचा आणून माझ्या हातात ठेवला. "धर."

मी मूठ वळली. दांड्यावरच्या खोबणी माझ्या बोटांच्या मधेच येत होत्या, अंगठ्याला तर जागाच नव्हती.

"नाही ना बसत?" मामा म्हणाले. "शेजारच्या आजींनाही धरून पाहायला लावला. कुणालाच बसत नाही रे."

त्यांनी चमचा माझ्याकडून घेतला आणि स्वतःच्या हातात धरला. त्यांचीही बोटं त्या खोबणींत मावत नव्हती. तरी आम्ही बोलत होतो तोवर त्यांनी तो तसाच धरून ठेवला.