नावेच्या गाड्याचा बिरेक

आजही कुणी माझ्यापुढं म्हणालं, 'वस्तू कशी टिकाऊ पाहिजे,' तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. टिकाऊ! मला विचारा टिकाऊ काय असतं ते.

निजामाचं राज्य होतं. अंबडच्या खाली, गोदावरीच्या काठाला आमचं गाव. पूल न्हवता, पावसाळ्यात पलीकडं जायचं तर नावेनंच. ती नाव उन्हाळ्यात डांबर लावायला सुताराच्या दारात आणायची आणि नदी भरायच्या आत परत घाटावर नेऊन सोडायची, हे काम आमच्या घराकडं. त्यासाठी एक लांबलचक गाडा होता. घाटाच्या उतारावर नावेचं सगळं वजन बैलांच्या अंगावर यायचं. आमचे मालक पुढं जू धरून चालायचे. मागं माझे भाया, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, बिरेकाचा दोर ओढायचे. दोर ओढला की दोन लाकडी ठोकळे चाकाच्या लोखंडी धावेवर दाबून बसायचे. ते बसले न्हाईत तर पुढच्या माणसाचं काय होईल, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

ठोकळे बाभळीचे. एका हंगामात झिजायचे, आणि सुतार बलुत्यात दरसाली नवे द्यायचा. पण दरसाली सुताराच्या दारात जाऊन उभं राहायचं, यात भायांना कमीपणा वाटायचा. त्या साली ते जालन्याला जिनात कापूस घालायला गेल्ते, तिथनं यंत्राच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा घेऊन आले. चामड्याचा, बोटभर जाड. "हा ठोकळ्यांवर ठोकतो," म्हणाले, "दहा वरसं बघायला नको. बिलकुल झिजणार न्हाई."

हे मी चुलीपाशी बसून ऐकलं. मी माहेरी मळ्यात वाढलेली. मोटेचं चामडं भिजलं की कसं बुळबुळीत होतं, हातातनं कसं सटकतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. मालक जेवायला बसल्यावर म्हटलं, "अहो, घाटाच्या आधी ओढा हाय. चामडं भिजलं तर धरायचं न्हाई."

"दादानं आणलंय. बराबर बघूनच आणलं असंल," म्हणाले, आणि भाकरी मागितली.

मारुतीपुढच्या कोरड्या रस्त्यावर रिकामा गाडा चालवून बघितला. थांबला. झालं, सगळ्या गावानं वाहवा केली. कोरड्या रस्त्यावर, रिकामा! कपाळ माझं.

नाव न्यायच्या दिवशी बिरेकाला कुंकू लावून नारळ फोडायचा, आणि एकदा नारळ फुटला की नाव पाण्यात पडंपर्यंत त्या बिरेकाला हात लावायचा न्हाई, अशी आमच्यात रीत. म्हणजे बोलायचं तर त्याच्या आधीच. भायांशी समोरासमोर बोलायची सोय न्हवती. मी भरल्या घागरी दारात आणून ठेवल्या, तोंडावर पदर ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, त्यांना म्हणावं, चार घागरी पाणी ओता बिरेकावर आणि मंग ओढून बघा."

काय जास्तीचं मागितलं होतं मी? पाणी माझं, घागरी माझ्या! भाया माझ्याकडं न बघता सासूबाईंना म्हणाले, "शुभकामात टोकू नको म्हणावं हिला." आणि फोडला नारळ.

वरच्या अंगाला पाऊस झाल्ता. ओढ्याला गुडघाभर पाणी. गाडा त्यातनं गेला, वर आला आणि उताराला लागला. सोबत गेलेल्या गड्यांनी नंतर सांगितलं, भाया दोराला अक्षरशः लोंबकळत होते, ठोकळे धावेला घट्ट लागलेले होते, आणि चाक त्यांच्याखालनं खुशाल फिरत होतं. बैल गुडघ्यावर आले. मालक चाकाखाली.

बाजेवर घालून आणलं त्यांना. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, पण गुडघा परत कधी वाकला न्हाई. पट्ट्याला ओरखडासुद्धा न्हवता.

आणि गाव काय म्हणालं? हिनं टोकलं म्हणून झालं! पाणवठ्यावर बायका माझी सावली टाळायच्या. अरे, चामडं भिजलं म्हणून झालं! पुढच्या साली भाया गुपचूप सुताराच्या दारात जाऊन बाभळीचे ठोकळे घेऊन आले. त्यांना कुणी शब्दानं विचारलं न्हाई.

एक दिवस मी मालकांचा पाय शेकत होते. न राहवून म्हटलं, "लोकांचं जाऊ द्या. निदान तुम्ही तरी म्हणा, मी खरं सांगितलं होतं."

ते भिंतीकडं बघत म्हणाले, "तू बोलायचंच न्हवतं."

हातातला फडका तिथंच टाकून मी उठले. परसात जाऊन उभी राहिले. मंग परत आले, फडका तव्यावर गरम केला आणि खाली बसले, कारण पाय तर शेकायचाच होता.