उशीखालून ऐकलेल्या टाळ्या

मी आयुष्यात एकदाच नाटकात काम केलं, आणि त्यात मेले. मेल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. काम चांगलं केलं म्हणून नव्हे, पोरगी मेली म्हणून. हे मी आजवर अनेकांना सांगितलं आणि दर वेळी ऐकणारा समजूत घातल्यासारखं म्हणाला, "अहो, अभिनयाला दाद दिली असेल." म्हणून आता लिहूनच ठेवते. तिथे मी पडले होते, ते नव्हते.

तेव्हा मी मानवतला एका शाळेत मराठी शिकवत होते. वय सव्वीस. लग्न राहिलं होतं, आणि ते का राहिलंय हे दोघांनाच माहीत होतं, मला आणि आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना. सर बौद्ध, घर पूर्णेला, वडील रेल्वेत गँगमन. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, जवळच्या खेड्यातले चाळीस एकरांचे मालक आणि वर आमच्या शिक्षण संस्थेचे संचालक. विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या जाळपोळीला सात-आठ वर्षं होऊन गेली होती, तरी भिंतींवरच्या घोषणा तशाच होत्या. 'झालंच पाहिजे' आणि 'होऊ देणार नाही' एकाच भिंतीवर, एकमेकींच्या अंगावर लिहिलेल्या. अशा दिवसांत मला आण्णांना सांगायचं होतं की मला ह्या सरांशी लग्न करायचंय.

आशा अगदीच नव्हती असं नाही. जाळपोळीच्या दिवसांत आण्णा हातात काठी घेऊन आमच्या गावच्या बौद्धवाड्याच्या तोंडाशी बाज टाकून बसले होते. "माझ्या गावात हे चालायचं न्हाई," म्हणाले होते, आणि चाललं नव्हतं. मला त्यांनी बी.एड.साठी परभणीला एकटीला ठेवलं, भावकीनं नावं ठेवली तरी. असा बाप निदान ऐकून घेईल, असं मला वाटायचं. फक्त विषय कसा काढायचा ते सुचत नव्हतं.

ते एका प्राध्यापकांमुळे सुचलं. हे आमच्याच संस्थेच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, पुण्याला शिकून आलेले आणि तिथून येताना नाकाने कांदे सोलायची कलाही घेऊन आलेले. संस्थेच्या वर्धापनदिनाला त्यांनी ते चारशे वर्षांपूर्वीचं प्रसिद्ध इंग्रजी नाटक बसवायचं ठरवलं. काळ्या सेनापतीवर एका बड्या घरची गोरी मुलगी भाळते, बापाच्या विरोधात लग्न करते, आणि मग एक दुष्ट माणूस सेनापतीच्या कानात बायकोबद्दल संशयाचं विष ओततो. प्राध्यापकांनी ते 'आजचं' केलं. सेनापतीचा झाला बौद्ध फौजदार, मुलगी झाली पाटलाची लेक, आणि दुष्ट माणूस झाला बढती हुकलेला जमादार. मुलीच्या हातून हरवणाऱ्या नक्षीच्या रुमालाची झाली दस्ती, कारण आमच्याकडे रुमालाला दस्तीच म्हणतात. फौजदाराच्या आईनं भरलेली पांढरी दस्ती.

फौजदाराचं काम गणिताच्या सरांना दिलं. मुलीचं काम करायला कॉलेजातल्या एकाही पोरीला घरून परवानगी मिळाली नाही, तेव्हा मी हात वर केला. मनात म्हटलं, आण्णा पहिल्या रांगेत बसतील, ही गोष्ट डोळ्यांनी बघतील, आणि रात्री जेवताना मी त्यांना सगळं सांगेन. कीर्तनकार आधी आख्यान लावतो आणि मग उपदेश करतो, तसा माझा डाव होता. मूर्ख होते मी.

मूर्ख नव्हते ते सर. पहिल्याच वाचनाला त्यांनी विचारलं, "म्हणजे शेवटी मीच तिला मारायचं?"

"मुळातच तसं आहे," प्राध्यापक म्हणाले.

"मुळातला माणूस परभणी जिल्ह्यातला न्हवता, सर."

प्राध्यापक हसले. शेवटचा प्रवेश महत्त्वाचा आहे, म्हणाले. मुलगी मेल्यावर सगळं उघड होतं, ती निर्दोष होती हे कळतं, जमादार पकडला जातो आणि फौजदार स्वतःला संपवतो. लोक रडत घरी जातील. सरांना ते पटलं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण माझ्याकडे बघून त्यांनी पुढचं पान उलटलं. माझ्यासाठी त्यांनी खुन्याचं काम घेतलं, आणि मी ते घेऊ दिलं. ह्या गोष्टीत माझा सगळ्यात जुना राग माझ्यावरच आहे.

जमादाराचं काम गावच्या तलाठ्यानं केलं. तालमी करायला त्याला सवड कशी मिळायची कोण जाणे, पण काम मात्र झकास. लोकांच्या कानाला लागायची सवय असावी.

प्रयोग दुपारी तीनला ठेवला, कारण खेड्यांवरच्या लोकांना सहाच्या आत एसटी गाठायची असते. जागा एका जिनिंगच्या पत्र्याच्या शेडची. हंगाम संपला होता तरी हवेत कापसाचे तंतू उडत होते. पडदा नव्हता. समोर पाहुण्यांच्या खुर्च्या, मागे सतरंज्या, डावीकडे दोरी बांधून बायका, आणि अगदी मागे फाटकाजवळ स्टेशनाकडच्या बौद्ध वस्तीतली पोरं उभी. भर उजेडात मला एकेक चेहरा दिसत होता. आण्णा मधल्या खुर्चीत, पांढराशुभ्र फेटा बांधून.

पहिल्या प्रवेशात मुलीचा बाप चावडीवर येऊन ओरडतो की ह्यानं माझ्या पोरीवर करणी केली, नाहीतर असल्या माणसाकडं ती कशाला जाईल. पुढच्या खुर्च्यांतून आवाज आला, "खरं हाय!" टाळ्या पडल्या. मग माझं वाक्य होतं, 'मी माझ्या मनानं गेले, मला कुणी नेलं नाही.' मी ते आण्णांकडे बघूनच म्हटलं. आण्णा फेट्याचा शेव नीट करत होते.

मला वाटलं, विचार करायलेत.

पुढं तलाठी फौजदाराच्या कानाला लागला तसे मागच्या पोरांचे आवाज सुरू झाले. "सायेब, त्याचं ऐकू नका! बेइमान हाय तो!" दस्ती माझ्या हातून पडली तेव्हा बायकांतली एक म्हातारी अर्धी उभी राहिली. "अगं ए बयो, दस्ती पडली तुझी, उचल की! ध्यान कुटंय तुझं?" मला ती उचलायची नव्हती, नाटकच त्यावर होतं, पण तिचा तळमळणारा जीव बघून हात खाली जाणार होता. त्या शेडमध्ये शहाणी माणसं तेवढीच होती, दोरीमागची आणि फाटकाजवळची. खुर्च्यांवर बसलेले मिशांत हसत होते. जमादार डाव खेळायला लागला की मांडीवर थाप मारत होते.

मग माझं मरण आलं. मुख्याध्यापकांची आधीच अट होती की बाईंच्या अंगाला हात लागता कामा नये, म्हणून गळा दाबायच्या ऐवजी उशी. सरांनी उशी तोंडावर धरली, हलकीच, मला श्वास घेता यावा अशी. वरून ते म्हणत होते ते संवाद मला ऐकू येत होते, त्यांचा आवाज खरंच फाटला होता. मी पाय झाडले. मग शांत झाले.

आणि उशीखालून मी ऐकलं. आधी एक टाळी. मग चार. मग सगळी खुर्च्यांची रांग. त्यात एक जण ओरडला, "बरं झालं! अशीच पायजे!" शिट्टी वाजली. पत्र्याचं शेड असल्यामुळे तो आवाज वरून उलटून परत माझ्या अंगावर आला. सरांनी उशी काढली, तेव्हा मी मेलेलीच होते, डोळे उघडायची परवानगी नव्हती. तरी मी पापण्यांच्या फटीतून बघितलं. आण्णा टाळ्या वाजवत होते. हळूहळू, मान डोलवत, भजनात बसल्यासारखे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जो माणूस चारचौघांसमोर दुसऱ्याची घरं जळू देत नाही, तो मुलगी मेल्यावर टाळी वाजवतो, आणि त्याला त्यात काही विचित्र वाटत नाही. मला ओरडायचं होतं. पण मी मेलेली होते, आणि मेलेल्यानं हलायचं नसतं असं प्राध्यापकांनी दोन महिने बजावलं होतं. मी हललेही नाही. किती आज्ञाधारक पोरगी!

मागची पोरं तेव्हाच निघून गेली. जाताना त्यातला एक मोठ्यानं म्हणाला, "खुनी करायला आमचाच माणूस घावला का तुमाला?"

अजून शेवटचा प्रवेश व्हायचा होता. माझ्या निर्दोषपणाचा. पण आमच्याकडे टाळ्या पडल्या की कार्यक्रम संपला, असा रिवाज आहे. त्यात घड्याळात पाच वाजून गेलेले. लोक सतरंज्यांवरून उठून चपला शोधायला लागले, आणि संस्थेच्या कारकुनाने ते बघून घाईघाईत माईक ताब्यात घेतला. "आता कलाकारांचा सत्कार माननीय संचालकांच्या हस्ते होईल. कुणीही जाऊ नये." टॉवेल, टोपी, नारळ घेऊन शिपाई रंगमंचावर चढला. सर हातात उशी धरून तसेच उभे. त्यांनी प्राध्यापकांकडे बघितलं. प्राध्यापक विंगेत होते, हातात शेवटच्या प्रवेशाची पानं होती. संचालकांना 'थांबा' म्हणायची छाती त्यांना झाली नाही. पानांची घडी घालून त्यांनी खिशात टाकली आणि मला म्हणाले, "काय गुंतले होते हो लोक! प्रयोग जिंकला."

मी खाटेवर उठून बसले. मेलेली बाई उठली म्हणून सतरंजीवरची लहान पोरं खिदळली.

आण्णा वर आले. त्यांनी आधी सरांना टोपी घातली, मग नवा कोरा टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकून पाठीवर थाप मारली. "शाब्बास मास्तर. लय जोरदार काम केलं." सरांनी हात जोडले. माझ्या हातात नारळ देताना आण्णा वाकून हळू म्हणाले, "तू पण चांगलं केलं, माय. बापाची मान खाली घालणारी पोरगी अशीच जायला पायजे."

"आण्णा, नाटक संपलं न्हाई अजून."

"मंग काय राह्यलं?"

"तिचा काही दोष नव्हता, ते राह्यलं."

"बापाला सोडून गेली तवाच दोष झाला. आता काय राह्यलं त्यात?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते मला समजावून सांगत होते. पीक कधी काढायचं ते सांगावं, तसं. त्या शांतपणानं माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी जे गोडीत, जेवताना, योग्य वेळ बघून सांगणार होते, ते नारळ मांडीवर ठेवून तिथेच सांगितलं.

"आण्णा, मला ह्याच सरांशी लग्न करायचंय. आमचं ठरलंय."

माईक दूर होता, खाली कुणाला ऐकू गेलं नाही. आण्णांना गेलं. तलाठी शेजारीच सत्काराची वाट बघत उभा होता, त्यालाही गेलं. लग्न पुढं झालं, पूर्णेला, सरांच्या माणसांत, माझ्याकडचं कुणी नसताना. पण ते सांगायला मी हे लिहीत नाही. त्यानंतरचं एक मिनिट सांगायला लिहितेय.

आण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. सरांनी मान खाली घातली नाही. "खरं हाय, काका," ते म्हणाले. आण्णांनी पुढं होऊन त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली. मग खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला. त्याची सावकाश घडी घातली, जशी दुकानातून आणली होती तशी. शिपाई तोंडाकडे बघत राहिला. मग आण्णा वळले आणि त्यांनी ती टोपी तलाठ्याला घातली, तो टॉवेल तलाठ्याच्या खांद्यावर टाकला, आणि त्याच्याही पाठीवर थाप मारली. ज्यानं नाटकभर माझ्या नवऱ्याच्या कानात विष ओतलं, त्याच्या. तलाठ्यानं वाकून नमस्कार केला.

खाली कुणाला काहीच कळलं नव्हतं. एका कलाकाराचा सत्कार झाला एवढं त्यांना दिसलं, आणि त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.