चारय चाकांची घे

गाडीबद्दल काहीही विचारा, मेस्त्री आधी उलटा प्रश्न टाकायचे, "गाव खंयचा?" लालबागच्या गल्लीतल्या त्यांच्या गॅरेजात मी दहा वर्षं जात होतो. माझं गाव ठाऊक असूनही दर वेळी विचारायचेच. हा माणूस मला कधीच आवडला नाही. हात चांगला होता म्हणून जायचो, एवढंच.

गिऱ्हाइकाला बसायला सांगणं त्यांना माहीत नव्हतं. स्टुलावर पान्हे पडलेले असायचे आणि आपण ताटकळत उभे. बोलणं बहुतेक अपमानाचंच. माझ्या जुन्या गाडीचा क्लच तिसऱ्यांदा गेला तेव्हा चार लोकांसमोर म्हणाले, "ह्येका बैलगाडीच बरी."

नवी गाडी घ्यायची ठरली ती बाबांसाठी. कमरेच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं ते गावी गेले नव्हते. रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत चिऱ्याची उभी घाटी आहे, जेमतेम एक गाडी चढेल एवढी. खुर्चीत बसवून वर नेऊ म्हटलं, तर म्हणाले, "चौघांनी उचलायची वेळ आली नाही अजून." तेव्हा गणपतीला गाडी थेट दारात नेतो, असा शब्द मी त्यांना दिला.

मॉडेल पक्कं होतं, प्रश्न इंजिनाचा होता. एक हायब्रिड, ऑटोमॅटिक, पण जोर फक्त पुढच्या दोन चाकांना. दुसरी साध्या पेट्रोलची, हाताने गिअर टाकायचे, पण चारही चाकांना जोर.

"चारय चाकांची घे," मेस्त्री म्हणाले.

"दादरच्या सिग्नलला रोज क्लच कोण दाबणार? आणि हायब्रिड मी शोरूमच्या माणसाला शेजारी बसवून चालवून बघितली. परळच्या पुलावर झरझर चढली."

"पुलार डांबर हा. गाडयेत तुमी दोघाच. बापाशीक घराकडे न्हेवचा हा, का पुलार?"

ते बरोबर बोलत होते, हे मला तिथंच कळलं होतं. पण ती बैलगाडी मी विसरलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी हायब्रिड बुक केली, केवळ त्यांचं ऐकायचं नाही म्हणून.

चतुर्थीला गाडीत पाच माणसं, वर सामान, आणि घाटीवर शेवाळ. अर्ध्यावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी मागे घसरली. तीनदा प्रयत्न केला, मग खाली रस्त्यावर लावली. वरून आरती ऐकू येत होती. बाबा गाडीत बसूनच टाळ्या वाजवत होते. "ऐकू येतंय रे सगळं," म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

परतल्यावर गाडी मेस्त्रींकडे नेली.

"दारात पोचलंस?"

"पोचलो."

त्यांनी पुढच्या टायरवरून हात फिरवला. चिऱ्यांनी त्याचे टवके उडवले होते, मागचा धड होता. मी टोमण्याची वाट बघत उभा राहिलो. मेस्त्रींनी फडक्याला हात पुसले, स्टुलावरचे पान्हे उचलले आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस," म्हणाले.

पुढच्या गणपतीला बाबा नव्हते. चौघांनी त्यांना उचललं ते आमच्या लालबागच्या घराच्या जिन्यावरून. गॅरेजच्या जागी आता टॉवर उठतोय आणि मेस्त्री गावी गेलेत. त्यांच्या एकाही अपमानाबद्दल माझी आज तक्रार नाही. त्या स्टुलाबद्दल मात्र मी त्यांना माफ केलेलं नाही.