वर्षाला एकच छाटणी

"वेल झोपलीय ना अजून?" इंदू माझ्याशी शेवटचं बोलली ते हे. दुपारची वेळ होती. नाकात नळी, आवाज चिरका, पण डोळे तिचेच, जाब विचारणारे. मी म्हणालो, झोपलीय, नुसत्या काड्या दिसतायत. "मग छाटा. ती उठायच्या आत छाटा. माझ्यासाठी थांबू नका." मी म्हटलं, "तू घरी ये आणि तूच छाट. मी हात लावला की वर्षभर ऐकवशील." ती हसली. हसताना खोकला आला, तसं नर्सनं मला बाहेर काढलं. वैशालीनं मला अंघोळीला म्हणून घरी आणलं. चहाचा कप हातात होता तेवढ्यात जावयाचा दवाखान्यातून फोन आला. वैशाली फोन कानाला धरून जिन्याच्या पायरीवर खाली बसली... मला कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

इंदू माझी बायको. आम्ही नाशिककडचे, पिंपळगावच्या पुढं आमची द्राक्षाची बाग. शाळा माझी चौथीतच सुटली, तिची त्याच्याही आधी. वैशाली आमची एकुलती एक. ती आणि जावई निखिल इथं नॉर्थ कॅरोलिनात, मॉरिसव्हिलला कॉम्प्युटरच्या नोकरीत. गुडघे बोलायला लागले तेव्हा बाग पुतण्याच्या, संतोषच्या हाती दिली आणि आम्ही दोघं इकडं आलो. इंदू गेल्यावर आसपासची मराठी पोरं डबे घेऊन यायची, आमटी, भात, एकानं तर पिठलं करून आणलं, बरंच खारट होतं. जाताना दारात चपला घालता घालता प्रत्येक जण विचारायचा, "काका, आता इंडियाला मूव्ह होणार का?" संतोषचा तर रोज फोन. "नाना, काकू होती तोवर ठीक होतं. आता तिथं तुमचं काय आहे? या इकडं." मला पटलं. खरंच, माझं इथं काय होतं? गाडी येत नाही, भाषा येत नाही. मी वैशालीला सांगितलं, तिकीट काढ. ती "हो नाना" म्हणाली आणि भांडी घासायला लागली. घरात भांडी घासायचं मशीन आहे, तरी हातानं घासत बसली.

इंदूबद्दल सांगायचं तर बागेतूनच सांगावं लागतं. आमच्याकडं वेलीला वर्षात दोनदा छाटतात. एप्रिलात खरड छाटणी, ती नव्या काड्यांसाठी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती फळासाठी. दोन्ही वेळा पहिली काडी इंदू कापायची. मजूर खोळंबून राहायचे, पण नारळ फुटून तिची कात्री चालल्याशिवाय कोणाची चालायची नाही. इथं आल्या आल्या तिनं एका मोठ्या दुकानातून द्राक्षाचं रोप आणलं, मागच्या अंगणात लावलं आणि ऑक्टोबर येताच नारळ आणला. निखिल म्हणाला, "आई, इथं फॉलमध्ये कट करत नसतील बहुतेक. गूगल करू का?" ती म्हणाली, "तुमच्या गूगलनं किती बागा काढल्या?" नारळ फुटला, छाटणी झाली. हवा उबदार होती, आठवड्या-दीड आठवड्यात लालसर कोंब फुटले. इंदू सगळ्या शेजाऱ्यांना हात धरधरून दाखवायची. मग हिमाची एक सकाळ आली आणि सगळे कोंब उकडलेल्या भाजीसारखे काळे झाले. वेल पुढं फुटलीच नाही. इंदू दोन दिवस नीट जेवली नाही. "माझ्या हातची वेल कधी मेली नव्हती," एवढंच म्हणायची. त्यानंतर अंगणात जाणंच सोडलं तिनं. खिडकीत बसायची आणि म्हणायची, चला परत, ही जमीन आपली नाही.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी निखिलनं आम्हाला फ्रान्सला नेलं. निखिलला वाइनचं वेड आहे. गराजमध्ये एक कपाट आहे, त्यात बाटल्या आडव्या निजवलेल्या असतात. त्याला बर्गंडी नावाच्या भागातली एक जुनी वाइनची इस्टेट बघायची होती. नाव लिहीत नाही, मला ते धड म्हणताही येत नाही. गाव आपल्या एखाद्या वाडीएवढं. मधोमध चर्च, मागं उतार, उतारावर वेलीच वेली. शेकडो वर्षांपूर्वी साधूंनी बांधलेली दगडी भिंत अजून उभी आहे आणि भिंतीच्या आत द्राक्ष. निखिल सारखा 'तेरवार, तेरवार' करत होता. इंदूनं विचारलं, "म्हणजे काय हो?" तो म्हणाला, माती, उतार, ऊन, वारा, सगळं मिळून त्या जागेचं जे असतं ते. ती म्हणाली, "जमिनीचा गुण. मग तसं सांगा की." तिथं मधून फक्त बैलगाडीची वाट जाते, पण वाटेच्या वरची वाइन वेगळी आणि खालची वेगळी, नावंसुद्धा वेगळी. निखिलला त्याचं फार नवल. आम्हाला नव्हतं. आमच्या ओढ्याच्या अलीकडं मुरमाड आणि पलीकडं चिकट चोपण जमीन आहे. खत तेच, पाणी तेच, घडाची गोडी मात्र एक नाही.

इस्टेटीची मालकीणबाई ऐंशीच्या पुढची. पायात रबरी बूट, कमरेला कात्री. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा शहरात. तिला इंग्रजी येत होतं, वैशाली मधे मराठी करून सांगायची. भिंतीच्या आत सगळं तिचंच असेल असं मला वाटलं होतं. तर नाही, या चार ओळी तिच्या, पुढच्या चुलतभावाच्या, त्यापुढच्या कोणा आत्याच्या पोरांच्या. इंदूला इतका आनंद झाला की तिनं माझा दंडच धरला. "अहो, गोऱ्यांतसुद्धा वाटण्या होतात!" तिथून पुढं ती माहेरी आल्यासारखी बोलायला लागली. वेली गुडघ्याएवढ्या बुटक्या होत्या, ते बघून मालकीणबाईला म्हणाली, "मांडव का नाही घालत? वाकून वाकून कंबर जात असेल." बाई म्हणाली, कंबर जातेच, पण दिवसा दगड तापतो आणि संध्याकाळी ती ऊब वेलीला मिळते, उंच नेली तर फळ पिकणार नाही. इंदूनं खाली वाकून दगडाला हात लावला आणि मान डोलावली. आत भिंतीवर घडांचा फोटो होता. मणी हरभऱ्याएवढे. "एवढे बारीक? डिपिंग नाही केलं?" आमच्याकडं मणी फुगावेत म्हणून घड औषधात बुडवतात. वैशालीनं ते सांगितलं तेव्हा मालकीणबाईनं कानावर हात ठेवले आणि दोघी खो खो हसल्या.

मग तळघरात चव घ्यायला नेलं. मी पेला घेतला आणि मला आवडली, खोटं कशाला बोलू. इंदूनं आयुष्यात कधी थेंब घेतला नव्हता. पण समोरचीनं इतक्या मानानं दिलं, नाही कसं म्हणायचं? तिनं उजवा तळवा खोलगट केला, त्यात थोडी ओतून घेतली, तीर्थासारखी ओठाला लावली आणि सवयीनं ओला हात डोक्यावरून फिरवला. निखिल लाजून लाल. "आई, ही पिनो न्वार वाइन आहे, डोक्याला लावू नका!" पण मालकीणबाईनं काय केलं? तिनंही आपल्या हातावर ओतून घेतली, प्यायली आणि पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. चव कशी वाटली म्हणून विचारलं तर इंदू म्हणाली, "ओल्या गोणपाटासारखी. पण शेवटी गोड आहे." निखिलनं हे भाषांतर करू दिलं नाही.

जायच्या आधी बाई पुन्हा आम्हाला वेलींकडं घेऊन गेली. नुकतीच छाटणी संपवली होती. ती म्हणाली, आम्ही वर्षाला एकच छाटणी करतो, हिवाळ्यात. इंदूला खरं वाटेना. "एकच? मग उरलेलं वर्ष?" तेव्हा तिनं आपली मेलेली वेल सांगितली, ऑक्टोबर, नारळ, कोंब, सगळं. मालकीणबाई हसली नाही. म्हणाली, थंडीच्या तोंडावर तू तिला उठवलीस. थंड मुलखात वेल झोपते. तिला झोपू द्यायचं आणि झोपेतच छाटायचं. कापलेल्या काड्यांच्या टोकाशी पाण्याचे थेंब जमले होते, एक एक खाली पडत होता. मालकीणबाई म्हणाली, आमच्यात म्हणतात, वेल रडतेय. इंदूनं थेंब बोटावर घेतला, बघितला. "रडत नाही. जागी झालीय," ती म्हणाली. वैशालीनं ते सांगितलं तसं बाईनं तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

इंदूनं तिला सरळ विचारलं, "मालक गेले, मुलगा शहरात. तुम्ही त्याच्याकडं का नाही गेलात?" असं विचारू नये, वैशालीनं डोळे वटारले, पण इंदू ती इंदूच. बाई म्हणाली, "गेले असते. पण छाटणीची वेळ आली की परत यावंच लागणार. मग जायचंच कशाला?" इंदूला एक काडी पिशवीत घालायची होती. "आई, कस्टम्सवाले पकडतील!" वैशाली ओरडली. मालकीणबाईनंच अडवलं. ही तिथं जगणार नाही, तिला हा दगड लागतो. तुझ्या तिथं जी उगवते ती लाव.

परत आल्यावर इंदू वैशालीला घेऊन तडक एका नर्सरीत गेली. तिथला म्हातारा तिला "हनी, हनी" करायचा. तिनं विचारलं, इथली, या लाल मातीतली वेल कुठली? त्यानं मस्कडाइन दिली. पुढं तिला फळ आलं तेव्हा इंदू म्हणाली, "ही द्राक्षं? ही तर आवळ्याची बहीण!" जाड साल, आत मोठ्या बिया, घड म्हणून नाहीच, सुटे सुटे मणी. निखिलनं लाकडाचा मांडव घातला. ऐन हिवाळ्यात इंदू स्वेटरवर स्वेटर घालून कात्री चालवायची, वर्षाला एकदाच. सप्टेंबरात अंगणात असा वास सुटायचा की चालायला निघालेली माणसं कुंपणाशी थांबायची. गणपतीला नैवेद्यात तीच. पोरी विचारायच्या, "काकू, गावाची आठवण नाही येत?" ती म्हणायची, "येते की. पण वेल इथं लावलीय आता." तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटायचं.

तर तिकीट काढायला सांगून झालं होतं. तेराव्यानंतर मार्च सरत आला तेव्हा मला आठवलं, छाटणी राहिलीय. जायच्या आधी उरकावी, वैशालीच्या मागं जंगल नको, म्हणून मी कात्री काढली. इंदूचीच कात्री, गावाहून आणलेली, मुठीला तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. माझ्या हाताला ती लहान पडते. कापत गेलो. पहिल्याच काडीतून पाणी सुटलं. थेंब नाही, धारच. मला उशीर झाला होता, इंदूनं सांगितलं होतं तसं झोपेत कापायला हवं होतं. वैशाली मागं येऊन उभी राहिली. थोड्या वेळानं बारीक आवाजात म्हणाली, "नाना... रडतेय ती." मी तिच्याकडं बघितलं. रडत वैशाली होती. मी म्हणालो, "रडत नाही. जागी झालीय." मांडवाच्या खांबाला टेकून मी खाली बसलो, ती शेजारी बसली. मग तिनंच विचारलं, "पुढच्या हिवाळ्यात कोण छाटणार, नाना? मला नाही येत."

मला ती मालकीणबाई आठवली. गावी जाईन, सात-आठ महिने बसेन, आणि छाटणीची वेळ आली की मला काही सुचणार नाही, मी स्वतःला ओळखतो. संतोषला फोन केला. "खरड छाटणी तुझी तू धर. पहिली काडी तुझ्या बायकोच्या हातून कापून घे, नारळ विसरू नको." तो म्हणाला, "नाना, तुम्ही येताय ना?" मी म्हणालो, "बघायला येईन कधीतरी. राहायला नाही." वैशालीनं तिकिटाचं पुन्हा काही विचारलं नाही. त्या दिवशी भांडी मात्र मशीनमध्ये लावली.

आता मांडव हिरवा झालाय. उशिरा छाटूनही वेलीला काही झालं नाही, मुळं बळकट आहेत, इंदूनं लावलीय. कात्री पुसून, तेल लावून गराजमध्ये खिळ्याला अडकवलीय, निखिलच्या निजवलेल्या बाटल्यांच्या वर. चिंधी सैल झाली होती ती तेवढी घट्ट बांधून घेतली. मूठ बदलून देतो, नाना, असं निखिल म्हणाला, तुमच्या हाताला बसेल अशी... मी नको म्हटलं. हिवाळा यायला अजून वेळ आहे. तोवर हाताला सवय होईल.