सतरावा प्रश्न

गोदामाच्या साहेबांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि हातातल्या कागदावरून वाचून दाखवलं, "डेटाबेसच्या मॅडम कामात हुशार आहेत, पण चारचौघांत माणसाला सोलून काढतात. अशाच राहिल्या तर त्यांच्या हाताखाली कोणी टिकणार नाही." मग कागद पालथा ठेवून म्हणाले, "हे मी नाही म्हणत हं. तुमच्याच विभागातलं कोणीतरी म्हणतंय. जागेचं आपण पुढच्या वर्षी बघू."

जागा म्हणजे विभागप्रमुखाची. पळस्पे फाट्याजवळ आमच्या कंपनीचं गोदाम आहे. कंटेनर येतात, माल उतरतो, ट्रकमध्ये भरून पुढे जातो. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे याची नोंद ज्या डेटाबेसात असते तो मी सांभाळते. चौदा वर्षं सांभाळत होते. जुने विभागप्रमुख निवृत्त होणार आणि खुर्ची मला मिळणार, हे फाट्यावरच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. घरी मी सांगूनही बसले होते. सासूबाईंनी शेजारी सांगितलं होतं. आता त्या सगळ्यांना जाऊन काय सांगू, की एका माणसाने एक ओळ लिहिली म्हणून राहिलं?

ती ओळ आली होती एका पाहणीतून. मुख्य ऑफिसने कर्मचाऱ्यांना वीस प्रश्न पाठवले होते. नाव कुठेही येणार नाही, मोकळेपणाने लिहा, असं वर ठळक अक्षरात. अकरावा प्रश्न होता, विभागात काय बदलायला हवं. लोकांनी पंखे लिहिले, बाथरूम लिहिलं, एकाने कँटीनची डाळ लिहिली. आणि एकाने मला लिहिलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंडाची फटकळ आहे, हे मला कोणी शिकवायला नको. चूक दिसली की मी बोलते, समोरासमोर बोलते, आणि बोलून झालं की चहा मागवते. पण हे काय? निनावी कागदाआड बसून दगड मारायचा, आणि उद्या सकाळी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणायचं? ठरवलं, हा कोण आहे ते शोधायचं आणि त्याला सोडायचं नाही.

शोधणं माझ्या हातात होतं. त्या पाहणीची उत्तरं ज्या सर्व्हरवर साठली होती, तो माझाच. टेबलात नाव नव्हतं, हे खरं. प्रत्येकाला एक नंबर दिलेला, आणि एकेक उत्तर म्हणजे एकेक ओळ: नंबर, प्रश्न कितवा, उत्तर काय. अशा शेकडो ओळी एकाखाली एक. साहेबांनी त्या प्रश्नाप्रमाणे छापून घेतल्या होत्या, म्हणजे अकराव्या प्रश्नाची सगळी उत्तरं एका कागदावर, बाराव्याची दुसऱ्या. अशा विखुरलेल्या उत्तरांतून माणूस दिसत नाही.

पण याच ओळी आडव्या मांडल्या, म्हणजे प्रत्येक प्रश्नाचा एक कॉलम केला आणि प्रत्येक नंबराची एकच ओळ, तर दिसतो. आमच्या कामात हे रोजचंच आहे, पिव्हट म्हणतात त्याला. क्वेरीत लिहायचं, की प्रश्न दुसरा असेल तर उत्तर या कॉलमात दे, नसेल तर रिकामं ठेव. चौथ्यासाठी तेच. सहाव्यासाठी तेच. मग नंबराप्रमाणे सगळं गोळा करायचं. रिकाम्या जागा गळून जातात आणि एका माणसाची उत्तरं शेजारीशेजारी येऊन बसतात. फक्त हवा तो प्रत्येक प्रश्न हाताने लिहावा लागतो. जो लिहिला नाही, तो येत नाही. कुठे लाल अक्षरात चूक म्हणूनही दाखवत नाही.

मी चारच लिहिले. दुसरा, किती वर्षं नोकरी. चौथा, कामावर कसे येता. सहावा, जेवणाच्या सुट्टीत कुठे जेवता. आणि अकरावा. मला माणूस पकडायचा होता, बाकीच्यांच्या पंख्यांशी आणि डाळीशी मला काय करायचं होतं?

दुपारी सगळे कँटीनला गेल्यावर क्वेरी चालवली. ती ओळ सापडायला शोधावंही लागलं नाही. नोकरी दहा वर्षांच्या वर. येणं स्वतःच्या दुचाकीवर. जेवण घरी.

जेवायला घरी जाणारं आमच्या विभागात एकच माणूस होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी, ट्रकांचे गेट पास भरणारी. अकरा वर्षं आम्ही चारचा चहा एका किटलीतून प्यायलो होतो. ती शिरढोणची. लग्न केलं नव्हतं, आईजवळ राहायची. आईची उजवी बाजू लुळी पडलेली. सकाळी शेजारीण मदतीला यायची, पण म्हातारी दुसऱ्या कोणाच्या हातचा घास घेत नसे, दात घट्ट मिटून बसायची. म्हणून ही रोज दुपारी स्कूटर काढून गोवा हायवेने घरी जायची, आईला भरवायची आणि सुट्टी संपायच्या आत परत. स्वतः काय खायची देव जाणे. हे ऑफिसात फक्त मला माहीत होतं, कारण तिला दया दाखवलेली आवडत नसे. मी त्या घरी जाऊन आले होते. म्हातारीने डाव्या हाताने माझा पदर धरून ठेवला होता. "जेवल्याबिगर नाय जायचं. आमी काय परके हाय का?" मी तिथे तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण खाऊन आले होते.

म्हणजे जिच्या घरचं मीठ खाल्लं, तिने केसाने गळा कापला. मी पुन्हा पुन्हा ती ओळ वाचली. ती जेवणानंतर परत आली, हेल्मेट टेबलाखाली ठेवलं आणि म्हणाली, "आज काय गं, चेहरा उतरलाय." मी म्हटलं, "काही नाही, ऊन लागलंय." आयुष्यात पहिल्यांदा मी राग गिळला. गिळला म्हणजे विरला असं नव्हे. मी तो नीट जपून ठेवला.

महिनाभरात संधी चालून आली. कंपनीने कळंबोलीला, लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला, नवीन यार्ड घेतलं. तिथे गेट सांभाळायला अनुभवी माणूस हवं होतं. साहेबांनी मला विचारलं, कोणाला पाठवावं. मी लगेच उत्तर दिलं नाही. दोन नावं काढली, ती कशी चालणार नाहीत ते सांगितलं. मग म्हटलं, "तिला पाठवा ना. गेट पासात तिच्याइतकं पक्कं कोणी नाही. शिवाय स्वतःची गाडी आहे." साहेब खूश झाले. म्हणाले, "तुम्ही मन मोठं ठेवता हे बरं आहे." मी हसले.

कळंबोली म्हणजे काही काळं पाणी नव्हे. पनवेलची माणसं रोज जातात येतात. कोणाच्या डोक्यातही येणार नाही की ही शिक्षा आहे, आणि तीच तर मजा होती. पण कळंबोली सर्कलच्या ट्रकांमधून वाट काढत शिरढोणला जाऊन, आईला भरवून, सुट्टीत परत येणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. मी तिच्या दिवसाचा तेवढाच तुकडा नेमका कापला होता.

ती साहेबांकडे आली तेव्हा मी तिथेच लॅपटॉप घेऊन बसले होते. म्हणाली, "सर, माझं दुपारचं जरा अवघड होईल." आईचं नाव काही तिने काढलं नाही. साहेब म्हणाले, "अहो, गाडी आहे ना तुमच्याकडे?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही.

पंधरा-वीस दिवस तिने शेजारणीवर रेटून पाहिलं. म्हातारी दात मिटून बसायची, ती थेट संध्याकाळपर्यंत. शेवटी पेणचा भाऊ आला आणि आईला घेऊन गेला. शिरढोणच्या घराला दिवसभर कुलूप. हे मला फोनवर तिनेच सांगितलं. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. मला गार वाटलं. तुझ्या एका ओळीने माझी खुर्ची गेली, आता बस.

पुढे तीनेक महिन्यांनी मुख्य ऑफिसचा मेल आला. पाहणीचा पूर्ण अहवाल हवा, एका माणसाची एक ओळ, विसाच्या वीस प्रश्न कॉलमात. ओळख पटेल असे प्रश्न शेवटी काढून टाका, असंही होतं. मी माझी जुनी क्वेरी उघडली आणि राहिलेले सोळा प्रश्न एकेक करून लिहिले. यांत्रिकपणे लिहिले. चालवली. आणि सवयीने आधी त्याच ओळीवर गेले, जखमेवरची खपली काढावी तशी.

सतरावा प्रश्न होता, विभागप्रमुख म्हणून कोणाचं नाव सुचवाल आणि का. तिच्या ओळीत लिहिलं होतं:

"डेटाबेसच्या मॅडम. त्यांच्याइतकं काम कोणालाच येत नाही. वर अकराव्यात लिहिलंय ते त्यांना कोणीतरी तोंडावर सांगा, माझी हिंमत होत नाही. पण त्या जे काय बोलतात ते समोर बोलतात. पाठीमागून कोणाचं वाईट करणार नाहीत, एवढी खात्री मी देते."

मी उठून पाणी प्यायले. परत येऊन वाचलं. मग आठवलं, पाहणीच्या आठवड्यातच मी तिला ड्रायव्हर लोकांसमोर म्हटलं होतं, "अकरा वर्षांत एक गाडी नंबर धड लिहिता येत नाही तुला?" ड्रायव्हर हसले होते. चार वाजता तिनेच माझ्या कपात चहा ओतला होता. मी विसरले होते, मी तर नेहमीच विसरते.

सतरावा कॉलम काढून टाकावा, असं क्षणभर मनात आलं. तो कोणी वाचला नसता तर मलाही तो न वाचल्यासारखा ठेवता आला असता. पण त्याच कॉलमात आणखी कितीतरी ओळींत माझं नाव होतं; तो काढला की माझी खुर्चीही कायमची गेली. मी अहवाल पूर्ण पाठवला.

साहेबांची मात्र चांगलीच जिरली. सतराव्या प्रश्नात अर्ध्या विभागाने माझं नाव लिहिलं असताना तुम्ही अकराव्यातली एकच ओळ धरून का बसलात, असं त्यांना वरून विचारलं गेलं. त्यांना त्यांचा भाचा आणायचा होता, हे नंतर कळलं. त्यांचा पडलेला चेहरा पाहून मला जो आनंद झाला तो अजून टिकून आहे. तेवढा सूड निर्मळ होता. नेमणुकीचं सांगायला मुख्य ऑफिसच्या बाईंनी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "कोणीतरी फार सुंदर लिहिलंय हो तुमच्याबद्दल. पाठीमागून वाईट करणार नाहीत म्हणून." मी "हो का" म्हटलं.

नेमणुकीच्या आठवड्यात ती कळंबोलीहून मुद्दाम आली. स्कूटरवर लोखंडी धूळ, हातात पेढ्यांचा डबा. माझ्या केबिनच्या दारात उभी राहून म्हणाली, "आता सांगायला हरकत नाही. मी तुझंच नाव लिहिलं होतं."

मी विचारलं, आई कशी आहे. म्हणाली, "पेणला करमत नाही तिला. वहिनीच्या हातचं थोडंथोडं खाते आता, पण खाते." मग खुर्चीत बसली, डब्याची दोरी सोडली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "कळंबोलीसाठी माझं नाव तू सुचवलंस ना? साहेबांनी सांगितलं मला. माझ्या कामाचं कौतुक केलंस म्हणे. आई पेणला गेल्यावर थोडे दिवस मला तुझा रागच आला होता, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, हिला बिचारीला काय कल्पना, चांगलंच करायला गेली असेल."

तिच्या घरी दुपारी काय चालतं, याची कल्पना असलेली साऱ्या ऑफिसात मी एकटीच होते, हे ती विसरली होती, की तिला आठवून घ्यायचं नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

तिने डबा पुढे केला. "दोन घे," म्हणाली. मी दोन घेतले.