तिसऱ्यांदा आलेली शेरवानी

नातवाच्या लग्नासाठी जुनी शेरवानी पेटीतून काढली, तसा कापराचा वास आला आणि मी थेट बीडच्या कचेरीसमोरच्या लिंबाखाली जाऊन उभा राहिलो.

निजामाचं राज्य होतं. हैदराबादेत कॉलेज शिकायला गरीब मुलांना सरकारी वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळे. मात्र तो मागायला कचेरीतल्या साहेबांपुढे शेरवानीतच जावं लागे. गरिबीनंही रुबाबात यावं, असा दरबारी रिवाज. आम्ही मागणारे तिघं आणि आमच्या शाळेतल्या मास्तरांची शेरवानी एक. दोघं ती घालून आत जाऊन आले होते. मी वडवणीकडच्या धनगराचा, तिघांत उंच. बाह्या कोपराशीच थांबल्या.

"हात मागं ठेव बे," दोस्त म्हणाला, "अन् लई वाकू नको, पाठीत उसवंल."

मी ताठ उभ्यानंच सलाम केला. वजिफा हुकला तर घरी मेंढरं वाट पाहत होतीच. साहेबांनी शेरवानी निरखली आणि उर्दूत म्हणाले, "ही आज तिसऱ्यांदा आली."

त्यांनी माझा गरिबीचा दाखला न उघडताच बाजूला सारला आणि अर्जावर सही केली.

तेव्हा वाटलं, काय बेफिकीर माणूस, दाखला वाचलाही नाही. आता कळतं, त्यांनी तो वाचला होता, माझ्या अंगावर.